गांजा, मशेरी आणि बाळाचं वजन

(मालवणात झालेल्या एका मोहल्ला बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समोर बसलेल्या खाला, आपा, भाबी, सगळे चाचा आणि मागे दाराशी उभे राहिलेले माझे तरुण दोस्त, सगळ्यांचे आभार. दाराशी उभे असलेल्यांनी आत येऊन बसावं, कारण आजचा विषय त्यांनीच सुचवला आहे. गांजा कायदेशीर झाला तर काय होईल, यावर बोल, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

हा प्रश्न त्यांना का पडतो ते कळण्यासारखं आहे. आपला जिल्हा गोव्याला लागून. बांद्याहून पुढे गेलं की पत्रादेवी आणि पत्रादेवीला गोवा. २०२० च्या डिसेंबरात गोव्यात औषधासाठी मर्यादित गांजा लागवड करू द्यावी, असा प्रस्ताव चर्चेत आला. त्यावर गदारोळ झाला आणि तो मागे पडला. पण चर्चा आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत पोचली. पोरं विचारतात, "कॅनडात चालतो, जर्मनीत चालतो, मग आपल्याकडेच गुन्हा का?"

मी डॉक्टर नाही, मौलाना नाही, वकीलही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आकडे कुठून आले, कसे गोळा केले, त्यात कुठे गफलत असेल, हे बघणं माझं रोजचं काम. म्हणून मी एवढ्या मोठ्या विषयातला एकच छोटा प्रश्न घेतो. नशेवरचा कायदा सैल झाला की पोटातल्या बाळाचं काय होतं? मोठ्या माणसाच्या हक्काबद्दल मोठं माणूस स्वतः भांडू शकतं. बाळ भांडू शकत नाही, म्हणून हा प्रश्न.

आधी कायदा बघू. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग वेगळी ठरते आणि काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. झाड एकच. त्याच्या एका भागाला तुरुंग, दुसऱ्या भागाला परवाना. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती रेघ आईच्या रक्तात नसते. नशा आणणारा पदार्थ, ज्याला टीएचसी म्हणतात, तो चरबीत विरघळणारा आहे. आईच्या रक्तातून तो वारेत जातो, वारेतून बाळात जातो. अंगावरच्या दुधातही उतरतो. शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांनीही तो दुधात सापडलेला आहे.

आता परदेशातले आकडे. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर केला. त्याच्या आधीच्या काही वर्षांतल्या नोंदी घेऊन तिथल्या ओंटारियो प्रांतात एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०१९ साली छापून आला. साडेसहा लाखांहून जास्त गर्भवतींच्या नोंदी त्यात होत्या. गांजा घेणाऱ्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्या होत्या १२ टक्के. न घेणाऱ्यांमध्ये ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दुप्पट.

इथं माझ्यासारख्या माणसाला शंका येते. गांजा घेणारी बाई बहुतेक वेळा सिगरेटही ओढते, दारूही घेत असते, गरीब असते, तिचं खाणं धड नसतं. मग दोष गांजाचा की बाकीच्या गोष्टींचा? संशोधकांनाही हीच शंका आली. त्यांनी गांजा घेणारी आणि न घेणारी अशा जोड्या लावल्या, वय, सिगरेट, उत्पन्न वगैरे सगळं शक्य तितकं सारखं असलेल्या. मग फरक उरला १०.२ आणि ७.२ टक्क्यांचा. दुप्पट राहिला नाही, पण संपलाही नाही. शंभर बायकांमागे तीन बाळं जास्त वेळेआधी आली. एवढंच म्हणायचं, यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही.

मग कायदा सैल झाल्यानं नेमकं काय बदललं? कायदा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून बाळं लहान जन्मायला लागली, असा सरळ हिशेब नाही. बदलते ती आधी माणसाच्या मनातली भीती. कॅलिफोर्नियात गांजाबद्दलची मोकळीक टप्प्याटप्प्यानं वाढत गेली. तिथल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदीत २००९ साली ४.२ टक्के गर्भवती गांजा घेत होत्या. २०१६ साली ते प्रमाण ७.१ टक्के झालं. ओंटारियोत कायदेशीर झाल्यानंतर गांजामुळे तातडीनं दवाखान्यात आणाव्या लागलेल्या गर्भवतींचं प्रमाण लाख गर्भारपणांमागे ११ वरून २० वर गेलं. आकडा लहान आहे, पण चढता आहे.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो कोलोराडो राज्यातला प्रकार. तिथं २०१२ साली मतदान होऊन गांजा कायदेशीर झाला आणि २०१४ च्या १ जानेवारीपासून दुकानं उघडली. काही डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. चारशे दुकानांना फोन लावला. फोनवरच्या बाईनं सांगायचं, मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, सकाळी फार मळमळतं, काही आहे का? जवळजवळ ७० टक्के दुकानांनी तिला गांजाचंच काहीतरी घ्यायला सांगितलं. हा अभ्यास २०१८ साली छापून आला. विकणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की सरकारनं परवाना दिलाय, वनस्पती आहे, नैसर्गिक आहे, म्हणजे चालेल.

तुम्ही मान हलवताय. गल्ल्यावरच्या पोराला बाळंतपणातलं काय कळतं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही मनात तेच आलं होतं. आता कोलोराडोहून आपल्या घरी येऊ.

माझी धाकटी बहीण देवगड तालुक्यात दिलेली आहे. तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच पुढचं सांगतोय. पहिल्या खेपेला तिला तिसऱ्या महिन्यात फार मळमळायचं. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. ती माहेरी आली. घरातल्या मोठ्या बायकांनी तिला सांगितलं, "जरा मशेरी लाव, तोंड साफ वाटतला, उलटी थांबतली." ती लग्नाआधी कधीमधी लावायची. आता दिवसातून तीनदा, चारदा लावायला लागली. मळमळ थांबली की नाही ते आठवत नाही, सवय मात्र लागली.

त्या काळात मी दर पंधरा दिवसांनी गावी येत होतो. अम्मीनं सांगितलं की बाजारातून तंबाखूचं पान आणायचं. लहानपणापासून आणत आलो होतो, तसंच आणलं. ते तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. तो वास मला अजून घरचा वास वाटतो. इंजिनियरिंग केलेल्या माणसानं गरोदर बहिणीसाठी तंबाखू आणून दिली आणि त्याला त्यात काही खटकलं नाही. कारण आमच्या घरात मशेरीला कोणी तंबाखू म्हणतच नव्हतं.

चौतिसाव्या आठवड्यात ती बाळंत झाली. मुलगी, वजन १ किलो ८०० ग्रॅम. अकरा दिवस मुलगी काचेच्या पेटीत होती. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे मला तेव्हा कळलं. वेळेआधी आलेल्या बाळाची फुफ्फुसं तयार नसतात, अंग गरम राहत नाही, चोखायची ताकद नसते, हेही तिथंच बाकावर बसून कळलं.

तिच्या तपासणीचं कार्ड मी त्या दिवसांत अनेकदा वाचलं. त्यात एक रकाना होता, तंबाखू खाता का? समोर लिहिलं होतं, नाही. मी बहिणीला विचारलं, "तू खोटं का सांगितलंस?" ती म्हणाली, "भाईजान, मी खोटं नाही बोलले. मी तंबाखू खात नाही. मी मशेरी लावते."

तिचं बरोबर होतं. विचारणाऱ्या ताईंनी छापलेला प्रश्न विचारला, तिनं खरं उत्तर दिलं आणि नोंद चुकीची झाली. आमच्या धंद्यात याला वापरणाऱ्याची चूक म्हणत नाहीत, प्रश्न लिहिणाऱ्याची म्हणतात.

मशेरीमुळेच माझी भाची लवकर जन्मली, असं मी म्हणणार नाही. एका बाळाबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही. बहिणीचं रक्तही कमी होतं. पण हजारो बाळांबद्दल सांगता येतं आणि ते काम आपल्या महाराष्ट्रातच झालेलं आहे. मुंबईत पी. सी. गुप्ता आणि श्रीविद्या या संशोधकांनी घरोघर जाऊन १२१७ गर्भवतींची नोंद केली आणि त्यांच्या बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. २००४ साली तो अभ्यास ब्रिटनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. मशेरी किंवा तंबाखूचा असाच बिनधुराचा प्रकार घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. याच बायकांच्या माहितीवरून २००६ साली आणखी एक निबंध आला. त्यात अशा बायकांमध्ये मूल मृत जन्मण्याचा धोका अडीचपटीच्या आसपास दिसला.

१०५ ग्रॅम म्हणजे काय, असं एका चाचांनी मला मघाशी विचारलं. तीन किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे फार काही नाही. पण आपल्याकडे कित्येक आया स्वतःच अशक्त असतात, रक्त कमी असतं, बाळ मुळात अडीच किलोच्या काठावर असतं. काठावरच्याला छोटा धक्काही खाली पाडतो. शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येकाचं शंभर ग्रॅमच कमी होतं असं नाही. कुणाचं काहीच होत नाही, कुणाचं बरंच होतं.

म्हणूनच आपल्या म्हाताऱ्या बायका जे म्हणतात ते खोटं नसतं. "आमी जल्मभर मशेरी लावली, आमका काय झाला?" खरंच त्यांना काही झालं नसेल. माझ्या दादीनं सात मुलं जन्माला घातली. पण सात जगली नाहीत, पाच जगली. उरलेल्या दोघांची मोजदाद कोणी केली नाही. अल्लाची मर्जी म्हणून मातीत ठेवली. ती दोन का गेली हे मला माहीत नाही, दादीलाही माहीत नव्हतं. मला एवढंच म्हणायचं आहे की आमका काय झाला, हे उत्तर जगलेल्यांनी दिलेलं असतं.

तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी होतं, आणि रक्ताबरोबर अन्न आणि प्राणवायू. शिवाय निकोटिन स्वतःही बाळात उतरतं. धूर निघत नाही म्हणून मशेरी सौम्य, हा गैरसमज आहे. हिरडीची कातडी पातळ असते, तिथून निकोटिन थेट रक्तात जातं.

आता कायद्याकडे परत या. तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजन सरकारनं १९९२ साली बंद केलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली ती बंदी योग्य ठरवली. महाराष्ट्रानं २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. आणि आपल्या चुलीवर तवा तापतोच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ बायका तंबाखूचं काही ना काही घेत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या बिनधुराचं. म्हणजे सहातली एक. या खोलीत बायका किती आहेत ते तुम्हीच मोजा.

तर तरुण दोस्तांनो, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. गांजा कायदेशीर करावा की नाही यावर तुम्ही वाद घाला. पकडून तुरुंगात टाकल्यानं गरिबांच्या पोरांचंच आयुष्य जातं, हा मुद्दा मला पटतो. पण कायदेशीर म्हणजे सुरक्षित, ही समजूत कोलोराडोच्या गल्ल्यावर जितकी चुकीची आहे, तितकीच घरचं म्हणजे सुरक्षित, ही समजूत आपल्या स्वयंपाकघरात चुकीची आहे. गांजावाल्यानं परवान्यावर भरवसा ठेवला, आम्ही रिवाजावर. दोघांनीही मळमळणाऱ्या बाईला तेच केलं.

यावर एक सोपा उपाय काहींना सुचतो. मशेरी हराम म्हणून जाहीर करा, लावणाऱ्या बाईला झापा. तंबाखू हराम की मकरूह यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं नुकसान करू नये, यावर मात्र कुणाचा मतभेद नाही. पण झापून काय होतं, तेही बघा. अमेरिकेत टेनेसी राज्यानं २०१४ साली गरोदरपणात अमली पदार्थ घेणाऱ्या आईवर गुन्हा दाखल करण्याचा कायदा केला. बायका घाबरून दवाखान्यात जाणंच टाळायला लागल्या, अशा तक्रारी झाल्या. दोन वर्षांत तो कायदा संपुष्टात आला. जी बाई लपवते तिला मदत करता येत नाही. कायद्याचा धाक असो की सासरचा, पोटातल्या बाळाला दोन्ही सारखेच.

आणि झापणारे कोण? आपण पुरुष. खिशात गुटख्याची पुडी आहे, घरात बसून विडी ओढतो, तो धूर गरोदर बायकोच्या छातीत जातो, आणि बैठकीत तिच्या मशेरीवर बोलतो. १९६६ साली हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर गेल्या. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. बाईच्या अंगाशी जे होतं ती घरातली गोष्ट असतेच, पण ती समाजाचीही असते. फक्त तिच्यावर बोलताना आधी तिला बोलू द्यावं.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरातली. मशेरी सुटत नाही, असं म्हणणाऱ्या आमच्या अम्मी रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास डबीला हात लावत नाहीत. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, मग जमतं. महिनाभर जमतं. ईदला पुन्हा डबी उघडते. म्हणजे ताकद आहे, फक्त ती एका महिन्यापुरती ठेवलेली आहे. गरोदर बाईला रोजातून सूट आहे. पण या एका गोष्टीचा रोजा तिनं नऊ महिने ठेवला आणि घरानं तिला साथ दिली, तर ते अशक्य नाही.

साथ म्हणजे काय, ते सांगून थांबतो.

आशाताई इथं आल्या आहेत. त्यांना विनंती, तंबाखू खाता का, एवढंच विचारू नका. मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, असं विचारा. आणि हे सासूसमोर नको, एकटीला विचारा.

मोठ्या बायकांना विनंती, मळमळणाऱ्या मुलीला डबी देऊ नका. सकाळी उठल्या उठल्या कोरडं काहीतरी, खारी किंवा भाजलेला पाव द्या. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खाऊ द्या. आल्याचा तुकडा द्या. पाणीही ठरत नसेल तर डॉक्टरकडे न्या, मळमळीवर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. कुणी गांजाचं तेल किंवा भांग सुचवली तर तेही नको.

सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत फोन सेवा आहे, १८००-११-२३५६. लाजायचं कारण नाही.

पुरुषांना विनंती, घरात गरोदर बाई असेल तर घरात धूर नको. आणि बाजारातून पान आणायला सांगितलं तर आणू नका. हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

माझी भाची आता चार वर्षांची आहे. तब्येतीनं बारीक आहे, पण घर डोक्यावर घेते. बहीण दुसऱ्यांदा गरोदर आहे, पाचवा महिना. या वेळी तिनं कार्डावर स्वतः सांगून लिहून घेतलं, मशेरी आधी लावत होते, दोन महिन्यांपासून बंद. अम्मीची डबी अजून आहे. पण बहीण माहेरी आली की अम्मी ती उचलून परसात जाते. पूर्वी ती सगळ्यांना देत असे, आता एकटी लावते. मी तिला सोड म्हणून सांगत नाही. मी पान आणायचं बंद केलंय, एवढंच. परवा ती मला म्हणाली, "तुझ्यामुळे मला शेजारणीकडे मागायला लागतं."

शेजारणीकडेही गरोदर सून आहे. म्हणून आज मी इथं उभा आहे.